रेषा ओढावी कशी, सोडावी कुठे

कोल्हापुरात शासकीय रेखाकला परीक्षा जवळ आली की घरोघरी टेबलावर तांब्या, पेला आणि एखादं केळं मांडलं जातं. मुलांचे कागद शेजारी शेजारी ठेवून पाहिले तर बहुतेकांत एकच चूक दिसते: वस्तूभोवती सगळीकडून एका जाडीची, एका दाबाची रेघ. तांब्या पितळेचा न वाटता तारेचा वाटतो.

कारण सरळ आहे. तांब्याला रेषा नसतेच, कड असते. ती कड उजेडाच्या बाजूला विरते, सावलीत बुडते आणि टेबलाला टेकते तिथे घट्ट होते. रेषा ओढायला सगळे शिकवतात. ती कुठे हलकी करायची, कुठे चक्क सोडून द्यायची, हे शिकवायचं राहून जातं. इथे भर त्यावरच आहे.

साहित्य, थोडक्यात

ए३ आकाराचा, १५० जीएसएमच्या आसपासचा कार्ट्रिज कागद. एचबी, २बी आणि ६बी अशा तीन पेन्सिली (बीचा आकडा वाढतो तशी पेन्सिल मऊ आणि काळी). बारा पेन्सिलींचा डबा घेऊन हात सुधारत नाही. ०.३ मिमीचं एक वॉटरप्रूफ पेन आणि काळ्या ड्रॉइंग इंकची एक बाटली. बोरू, म्हणजे तासलेल्या काडीची लेखणी, घरीच करायचा आहे. खोडरबर असू द्या, पण सरावाच्या वेळी तो दुसऱ्या खोलीत ठेवा.

पेन्सिल शार्पनरने टोकदार करू नका, कटरने तासा. शिसं सेंटीमीटरभर उघडं राहिलं की टोकाने बारीक आणि आडव्या अंगाने जाड, अशा दोन्ही रेषा एकाच पेन्सिलीतून निघतात.

हात कुठून हलतो

लिहिताना मनगट टेकलेलं असतं, आणि चित्र काढतानाही ते सवयीने टेकतं. टेकलेलं मनगट कंपासच्या सुईसारखं वागतं. पेन्सिलीचं टोक त्याच्याभोवती फिरतं. म्हणून सात-आठ सेंटीमीटर पुढे गेलं की सरळ ओढायला घेतलेली रेघ कमानीत वळते. बारीकसारीक रेषा बोटांनी आणि मनगटाने, वीतभर रेषा कोपरातून, त्याहून लांब रेषा खांद्यातून, एवढं पाळलं की अर्धं काम होतं. त्यासाठी कागद पाटावर लावून पाट थोडा उभा करावा लागतो. टेबलावर सपाट ठेवलेल्या कागदावर खांदा मोकळा फिरत नाही.

सराव असा करा. २० सेंमी अंतरावर दोन ठिपके द्या. पेन्सिल न टेकवता हात दोन-तीनदा एका ठिपक्यापासून दुसऱ्यापर्यंत न्या. मग पोचायच्या ठिपक्यावर नजर ठेवून एका दमात रेघ ओढा. एका बैठकीला २० रेषा पुरेत: १० आडव्या, ५ उभ्या, ५ तिरक्या. हुकलेली रेघ गिरवायची नाही, तिच्याखाली दुसरी ओढायची. नजर पेन्सिलीच्या टोकावर राहिली की हात अडखळतो आणि रेघ तुकड्यातुकड्यांनी, खरवडल्यासारखी येते. ही केसाळ रेघ धीर नसल्याची खूण मानली जाते, पण बहुतेक वेळा दोष नजरेचा असतो.

हे जमलं की त्याच २० सेंमी रेषेत दाब बदला: हलका, मध्यावर जड, पुन्हा हलका. शेवटाला पेन्सिल थांबवून उचलू नका. थांबली की टोकाशी गाठ पडते. हात चालू असतानाच तो कागदावरून वर घ्या, म्हणजे रेघ संपल्याचं नेमकं ठिकाण डोळ्याला सापडत नाही. पुढे प्रत्येक ठिकाणी हेच उचलणं कामी येईल.

बोरू तासताना

बाजारात निबं मिळतात, तरी बोरू स्वतः तासावा. त्याची रेघ पेनासारखी एकसुरी येत नाही. शाई संपत येते तशी ती खरबरीत होत जाते, आणि रेषा सोडायची कशी हे हाताला आपसूक कळतं. १८८८ साली फ्रान्समधल्या आर्लला डच चित्रकार व्हॅन गॉगने बोरूने शेतांची रेखाटनं केली. त्यांत गवताच्या रेषा आखूड आणि तुटक, कुंपणाच्या लांब, तर दूरच्या शेताला नुसते ठिपके आहेत. रंगाचा थेंबही नसताना पीक आणि माती वेगळी ओळखू येते.

करंगळीएवढी, म्हणजे ८ ते १० मिमी जाडीची, वाळलेली पोकळ बांबूची काडी किंवा बोरूचं कांडं घ्या. बुरुडाकडे विचारलं तर टाकाऊ तुकड्यांत मिळून जातं. लांबी १८ ते २० सेंमी ठेवा. पेर टोकाकडे येऊ देऊ नका, कारण पेराशी बांबूचे तंतू फाटतात आणि चीर सरळ जात नाही. तासण्याआधी टोक पंधरा-वीस मिनिटं पाण्यात बुडवा. कोरडा बांबू कटरखाली तडकतो.

पहिला काप सुमारे ३ सेंमी लांबीचा, तिरका. आतला मऊ गर नखाने किंवा कटरच्या टोकाने खरवडून काढा. तो राहिला तर शाई पितो आणि सोडत नाही. मग दोन्ही बाजूंनी खांदे काढत टोक २ मिमी रुंदीवर आणा. टोक कडक पाटीवर ठेवून मधोमध सरळ खाली दाबत चीर द्या, ८ ते १० मिमी लांब. सगळ्यात शेवटी टोकाचा मिलिमीटरभर तुकडा एका फटक्यात आडवा छाटा. कड स्वच्छ मिळते.

पहिल्या वेळी बिघडतं ते बहुधा चिरीत. चीर लांब झाली की दाबाबरोबर दोन्ही पाती फाकतात आणि कागदावर शाईचा गोळा पडतो. तेवढा भाग छाटून टोक पुन्हा घडवा, काडी लांब ठेवतात ती त्यासाठीच. चीर वाकडी गेली असेल तर रेघ एका बाजूने ठसठशीत आणि दुसऱ्या बाजूने फिकट येते. शाई उतरतच नसेल तर टोकावर बोटाचं तेल असतं. ओल्या कापडाने पुसून घ्या. काम झालं की बोरू लगेच धुवा. वॉटरप्रूफ शाई चिरीत वाळली तर ती खरवडून काढताना चीर मोठी होते.

एका बुडवणीत साधारण १० ते १५ सेंमी चांगली रेघ मिळते. शाई भरलेली असताना सावलीची बाजू काढा आणि संपत आली की उजेडाची. हा क्रम पाळला तर जाड-बारीकपणाचं निम्मं काम बोरूच करून टाकतो.

एक पायताण, एक तास

आता एक वस्तू नीट जवळून बघू. घरातली वापरलेली कोल्हापुरी चप्पल घ्या, नवी नको. नवी चप्पल दुकानातल्या चित्रासारखी गुळगुळीत असते. जुनीला टाचेशी खोलगा पडलेला असतो, अंगठ्याचा ठसा उमटलेला असतो आणि एक कान, म्हणजे बाजूची चामड्याची पाळ, बाहेर झुकलेला असतो. म्हणजे प्रत्येक रेषेला कारण मिळतं.

चप्पल साध्या कागदावर, टोक तुमच्याकडे आणि जरा तिरकं करून ठेवा. उजेड डावीकडच्या खिडकीतून. तुम्ही साठ-सत्तर सेंटीमीटरवर बसा.

पहिली चूक लांबीत होते. चप्पल लांब असते हे डोक्यात इतकं पक्कं असतं की हात ती लांबच काढतो. समजा ती २७ सेंमी लांब आणि १० सेंमी रुंद आहे. टोकाकडून, साधारण तीस अंश वरून पाहिली तर लांबी निम्म्यावर, साडेतेरा सेंटीमीटरच्या आसपास दिसते. रुंदी तेवढीच राहते. म्हणजे कागदावर लांबी रुंदीच्या पावणेतीनपट न येता सव्वापटीहून थोडी जास्त यायला हवी. हात कोपरात न वाकवता, एक डोळा मिटून पेन्सिलीने मापा. कोपर वाकलं की माप बदलतं, आणि दोष पेन्सिलीच्या माथी मारला जातो.

एचबीने अगदी हलका मधला अक्ष काढा, त्यावर तळाचा आकार, मग पट्टा कुठे चढतो त्या दोन खुणा. इथपर्यंत फक्त मांडणी.

खरी रेषा सुरू करा ती पट्टा तळावरून जातो तिथून. दोन गोष्टी एकमेकींवर येतात त्या ठिकाणी नियम असा: पुढच्या वस्तूची रेषा अखंड जाते आणि मागच्या वस्तूची रेषा तिला न चिकटता मिलिमीटरभर आधी सुटते. एवढीशी फट ठेवली की तळ पट्ट्याखाली सरकतो. दोन्ही रेषा एकमेकींना घट्ट भिडवल्या तर पट्टा तळावर छापल्यासारखा दिसतो. अंगठ्याचं कडं, कान आणि वेणी, तिन्ही जागी हाच नियम.

मग जाडी. चप्पल जमिनीला जिथे टेकते, म्हणजे टाचेखाली आणि पुढच्या चवड्याखाली, तिथली रेघ ६बीने, सगळ्यात जाड. मध्ये तळ किंचित उचललेला असतो. तिथे रेघ एकदम बारीक, शक्य तर दोन सेंटीमीटर नाहीच. डोळा ती जागा स्वतः भरून घेतो. उजेडाकडची वरची कड टोकदार एचबीने, आणि जिथे चामडं चकाकतं तिथे सोडून द्या. चामड्याची जाडी दाखवणारी दुसरी समांतर रेघ सगळीकडे ओढू नका. टोकाशी आणि टाचेच्या वळणावर पुरे.

शिवणीच्या वादीचे टाके मोजत बसणं हा या वस्तूतला सर्वांत मोठा मोह. सगळे टाके काढले की चप्पल क्रोशाची होते. वळणावरचे पाच-सात टाके नीट काढा, पुढचे तीन हलके, त्यापुढचे दोन ठिपके, आणि थांबा. वेणीला आधी मधली नागमोडी रेघ काढा, मग एकाआड एक पेड बाहेरून आत आणा. गोंड्याचे धागे गाठीकडून बाहेर ओढायचे आणि शेवटाला हात उचलायचा. उलट, टोकाकडून गाठीकडे आणले तर गोंडा झाडूसारखा ताठ दिसतो.

पूर्ण झालं की कागद दोन मीटरवर उभा करून बघा. चप्पल जमिनीवर बसली आहे की तरंगते? तरंगत असेल तर टेकण्याच्या जागेची रेघ अजून जड हवी. बाकी कशाला हात लावू नका.

सावलीसाठी रेषा

विष्णुधर्मोत्तर पुराणातल्या चित्रसूत्रात एक मार्मिक नोंद आहे: आचार्य वाखाणतात ती रेषा, जाणकार वाखाणतात ते छायांकन, आणि बाकीच्यांना रंगांची रेलचेल भावते. छायांकनाला तिथे वर्तना म्हटलंय आणि तिचे तीन प्रकार दिलेत: पानाच्या शिरांसारख्या रेषांची पत्रज, अतिशय बारीक रेषांची ऐरिक आणि ठिपक्यांची बिंदुज. आज हॅचिंग (रेषांची सावली) आणि स्टिपलिंग (ठिपक्यांची सावली) म्हणून शिकवतात ते याच कुळातलं.

हिशेब सोपा आहे. ०.३ मिमीच्या पेनाने २ मिमी अंतरावर रेषा ओढल्या तर कागदाचा १५ टक्के भाग काळा होतो. १ मिमीवर ओढल्या तर ३० टक्के. त्यावर तेवढ्याच अंतराचा दुसरा थर तिरका दिला की साधारण ५१ टक्के. ३ सेंमीचे चार चौकोन आखून हे तीन टोन आणि चौथा त्याहून गडद करून ठेवा आणि ती पट्टी समोर टाचा. दाबाने गडद करायची सवय पेनाच्या कामात सोडावी लागते. गडदपणा येतो तो अंतरातून.

दुसरा थर ९० अंशांत टाकू नका. काटकोनात मच्छरदाणी दिसते आणि नजर चौकटी मोजत बसते. ३० अंशांच्या आसपास टाका. रेषांच्या टोकांना हुकासारखे आकडे येत असतील तर पेन न उचलता परत ओढलं जातंय. प्रत्येक रेषेनंतर उचला. हाताला एकाच दिशेची तिरकी रेघ सोपी जाते, म्हणून दिशा बदलायची तर हात न मुरडता कागद फिरवा.

सर्वांत जास्त चित्रं फसतात ती दिशेत. तांब्याची घागर गोल आणि तिच्यावरच्या सावलीच्या रेषा सरळ उभ्या, असं केलं की घागर पत्र्यासारखी चपटी होते. मुंगी घागरीवरून आडवी चालली तर तिची वाट कशी वळेल, तशी रेषा वळवा: डोळ्याच्या पातळीखालच्या भागात खाली झुकलेली, पातळीच्या वरच्या भागात वर चढलेली. जर्मन चित्रकार ड्यूररचं १५१४ सालचं ‘मेलेंकोलिया’ हे ताम्रपट कोरीवकाम मोठं करून पाहा. कपड्याच्या चुणीवर रेषा चुणीबरोबर वळते आणि चेंडूवर चेंडूबरोबर.

रेषेविना कड कशी मिळते हेही एकदा पाहावं. राजारामपुरीतल्या चंद्रकांत मांडरे कलासंग्रहालयात पावडर शेडिंगची, म्हणजे कागदावर पूड घासून केलेली, कामं आहेत. तिथे उजळ भाग गडद भागाला भिडतो आणि त्या भिडण्यातूनच कड तयार होते. ते पाहून आलं की आपल्या चित्रातली निम्मी बाह्यरेषा नकोशी वाटायला लागते.

हलती माणसं

हालचाल पकडायला कुस्तीच्या तालमीसारखी जागा नाही. आधी वस्तादांना विचारा, हौद्याच्या, म्हणजे कुस्तीच्या मातीच्या, कडेला बसा, वाटेत येऊ नका. ३० सेकंदांची दहा चित्रं, एका कागदावर तीन-चार. प्रत्येकात पहिली रेषा एकच: मागच्या पायाच्या टाचेपासून पाठीतून मानेपर्यंत. त्या रेषेत जोर आहे का हे पाहायचं. मग खांद्याची तिरकी रेघ आणि कमरेची तिरकी रेघ. वजन एका पायावर आलेलं असताना या दोन रेघा बहुधा उलट्या बाजूंना झुकतात. दोन्ही समांतर काढल्या की पैलवान फोटोसाठी उभा असल्यासारखा दिसतो. डोकं, बोटं, लंगोट नंतर, वेळ उरला तर.

दोघे भिडलेले असताना दोघांची वेगवेगळी आकृती काढू नका. दोघांना धरून एक मोठा आकार असतो, त्रिकोणी किंवा कमानीसारखा. त्याच्या बाहेरून जाणाऱ्या रेषेत पकडीचा ताण येतो.

चित्राभर धावणाऱ्या रेषा

पंचगंगा घाटावर बसलात तर तीन जातीच्या रेषा समोर असतात: पायऱ्यांच्या आडव्या, दीपमाळा आणि शिखरांच्या उभ्या, आणि तिरप्या बसल्यामुळे दूर जाताना एकत्र येणाऱ्या. आडव्या रेषा जास्त ठेवल्या तर चित्र शांत होतं, उभ्यांना उंची दिली तर ताठ, तिरक्या वाढवल्या तर चालू लागतं. तिन्हींना सारखी जागा दिली तर कुठेच बघावंसं वाटत नाही. काढण्याआधी ६ सेंमीच्या चौकटीत तीन छोटी टिपणं करा, प्रत्येकात एकेका जातीला वरचढ करून, आणि मग निवडा. पायऱ्या सगळ्या काढू नका. जवळच्या चार नीट, पुढच्या तुटक, पाण्याजवळ एक लांब रेघ.

त्रिपुरारी पौर्णिमेला याच घाटावर पणत्या लागतात तेव्हा पायऱ्या दिसतही नाहीत, तरी त्यांची ओळ दिसते. न ओढलेल्या रेषेचं याहून चांगलं उदाहरण शोधून सापडणार नाही. काढायचं तर पायरी अजिबात आखू नका. जवळच्या ओळीत ठिपके मोठे आणि लांब लांब, मागे जाताना लहान आणि दाट. ठिपक्यांमधली अंतरं सारखी ठेवली तर घाट उभ्या भिंतीसारखा वर येतो. माणसांच्या नजरेचीही अशी रेषा असते: दोन बायका एका पणतीकडे पाहत असतील तर बघणाऱ्याचा डोळा तिथेच जातो, म्हणून पणतीच्या मागे दुसरं काही ठळक ठेवू नका.

उभ्या रेषा आणि वर्तुळ एकत्र शिकायचं असेल तर खिद्रापूरला कोपेश्वर मंदिराच्या स्वर्गमंडपात बसा. वर गोल मोकळं आकाश, खाली त्याभोवती १२ खांबांचं कडं. खालून तिरकं पाहताना वरचं वर्तुळ लंबगोल दिसतं. त्याची टोकं टोकदार काढली तर तो लिंबाच्या फोडीसारखा दिसेल, टोकाशीही वळण गोलच ठेवा. खांबांवरच्या आडव्या कंगोऱ्यांचं वळण वर जाताना वाढत जातं, हे खांब काढायला घेतल्यावरच लक्षात येतं.

शाईत चूक झाली तर

चुकलेल्या रेषेवर जाड रेघ ओढून ती लपवायला जाऊ नका. जाड झाली की सगळ्यात आधी तीच दिसते. बरोबर रेघ शेजारी द्या आणि पुढे जा. कागद पाहताना डोळा दोघींतली बरोबर रेघ धरतो.

आणि पावसाळ्याचं भान ठेवा. जुलै-ऑगस्टात कागद हवेतली ओल पितो, मग बोरूची शाई कडेला फुटून रेषेला मिशा येतात. कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद ठेवा. बाहेर काढल्यावर कोपऱ्यात एक रेघ ओढून पाहा. फुटत असेल तर इस्त्री कमी तापवून कागदाच्या मागच्या बाजूने वर सुती कापड ठेवून फिरवा, किंवा त्या दिवशी पेन्सिलीवर काम करा. ६बीची चित्रं एकमेकांवर ठेवताना मध्ये बटर पेपर घाला, नाहीतर टाचेखालची ती जाड रेघ दुसऱ्या चित्राच्या पाठीवर जाऊन बसते.